बंपर न काढता दिलेला शब्द

इस्त्रीच्या अंगावरचा शर्ट कधी इस्त्रीचा नसायचा. नाव पडलं ते त्याच्या कामावरून. ठोकर बसून चुरगळलेला गाडीचा पत्रा त्याच्या हाताखालून गेला की इतका सपाट होऊन यायचा, की मालकच गोंधळून विचारायचा, "लागलं होतं ते याच बाजूला ना?" हा प्रश्न ऐकायला इस्त्रीला फार आवडायचं. मजुरीपेक्षाही जास्त आवडतं, असं त्याची बायको म्हणायची, आणि ती ते कौतुकाने म्हणत नसे.

त्याची शेड टायरच्या दुकानाला लागून होती. आत दोन गाड्या जेमतेम मावत. भिंतीवर हातोड्या टांगलेल्या, पत्र्याला मागून रेटायचे वाकडेतिकडे गज एका जुन्या डब्यात उभे, आणि एक लांब ट्यूबलाइट चाकांच्या स्टँडवर बसवलेली. ती उजेडासाठी नव्हती. तिची रेघ पत्र्यावर पाडून तो बघायचा. रेघ जिथे थरथरली तिथे काम बाकी. शेवटची तपासणी मात्र हाताने. उजव्या हातावर जुना पायमोजा चढवायचा, डोळे मिटायचे आणि तळवा पत्र्यावरून सावकाश न्यायचा. मग म्हणायचं, "ठीक आहे. न्या." एवढ्या बोलण्यावर आसपासचे लोक निर्धास्त गाड्या चालवत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इस्त्रीची खोड अशी की पोचा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. पोचा कुणाचा, कशाला, हा प्रश्न नंतरचा. घरात एक पातेलं होतं, त्याला एका बाजूने पोचा होता. बायको चहाचं पाणी त्या पोच्यापर्यंत घ्यायची. याने एके दिवशी गुपचूप तो काढून टाकला आणि नंतर कितीतरी दिवस त्या घरात चहा एक तर पांचट नाही तर कडू. सासरे दवाखान्यात असताना हा औषध आणायला खाली उतरला तो परत येईचना. बायको शोधत गेली तर हा पार्किंगमध्ये कुणाच्या तरी मडगार्डच्या आत हात घालून बसलेला, आणि गाडीचा मालक डोक्यावर उभा राहून आरडाओरडा करतोय. "अहो, चांगलंच करतोय ना," हे वर त्याचं म्हणणं. अशा माणसाला काय समजावणार?

एक माणूस होतं ज्याचं तो ऐकायचा. ती म्हणजे त्याची ताई. निदान आपण तिचं ऐकतो असं त्याला वाटायचं.

ताई शाळेची मुलं ने-आण करणारी व्हॅन चालवायची. भावोजींच्या पाठीचं दुखणं वाढून त्यांचं काम सुटलं, तेव्हा तिने गाडी शिकून घेतली आणि घर त्या व्हॅनवर उभं केलं. भावोजी घरी बसून पालकांचे फोन घ्यायचे. ताई गाडीत शिस्तीची. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही, खिडकीतून हात बाहेर काढला की गाडी बाजूला. मुलं तिला घाबरायची, आणि सुट्टी लागली की तिची आठवण काढायची.

त्या दिवशी मुलांना सोडून ती रिकामी व्हॅन घेऊन परत येत होती. सिग्नलला थांबली आणि मागून एक मोटार येऊन धडकली. चालवणारा तरुण हातातल्या फोनमध्ये बघत होता. त्याने लपवाछपवी केली नाही, कान पकडले, स्वतःच्या विम्याची माहिती दिली. ताईने दोन्ही गाड्यांचा फोटो काढला, आपल्या विमा कंपनीला कळवलं, कंपनीने सांगितलं की आमच्या सर्व्हेअर येऊन बघतील, तोपर्यंत गाडीला हात लावू नका. मग ताईने व्हॅन इस्त्रीच्या शेडमध्ये आणून लावली.

मागच्या दाराला चांगला ताटाएवढा पोचा होता आणि बंपर एका बाजूने आत गेला होता. रंग मात्र कुठे उडाला नव्हता.

"हे बघ," ताई म्हणाली, "कंपनीच्या बाई येऊन बघेपर्यंत हात लावायचा नाही. नुसतं बोटसुद्धा नाही. कळलं?"

"अगं, मला काय शिकवतेस? हेच काम करतो ना मी?"

"म्हणूनच सांगतेय," ताई म्हणाली आणि रिक्षा करून घरी गेली. दुसऱ्या दिवसापुरती तिने मैत्रिणीची व्हॅन मागून घेतली होती.

इस्त्रीने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे सांगायला हवं. त्याने व्हॅनच्या मागच्या बाजूवर ताडपत्री टाकली. ताडपत्रीला पोच्याच्या जागी खळगा पडला आणि तो खळगा त्याला उघड्या पोच्यापेक्षा जास्त छळू लागला. सकाळी त्याने ताडपत्री काढली. रंग उडालेला नाही, पत्रा ताणलेला नाही, आतून दोन गज लावले की उडी मारून बाहेर येईल, असा तो पोचा होता. असा पोचा सोडून दुसरं काम करणं म्हणजे भरलेल्या ताटावरून उठणं. 'नुसतं आतलं आवरण काढून बघू,' असं म्हणत त्याने दाराचं आवरण काढलं. नुसतं बघून झालं. मग नुसता एक गज लावून बघितला. मग बंपरवर गरम पाणी ओतलं, आतून हात घालून दाबलं, आणि प्लास्टिक टपकन जागेवर आलं. दुपारपर्यंत सगळं आटोपून त्याने ट्यूबलाइटची रेघ पाडली. रेघ सरळ. मोजा घालून, डोळे मिटून हात फिरवला. त्याला स्वतःलाच पोचा सापडला नाही, तेव्हा तो शेडमध्ये एकटाच हसला.

तेवढ्यात सर्व्हेअर बाई आल्या. शांत बाई, हातात बॅटरी आणि काठीला लावलेला आरसा. व्हॅनला त्यांनी एक प्रदक्षिणा घातली.

"गाडी कुठली?"

"हीच."

"लागलंय कुठे?"

किती आवडता प्रश्न! इस्त्रीची छाती फुगली. "होतं, मॅडम. निघून गेलं."

बाई हसल्या नाहीत. "मी यायच्या आधी?"

"छोटं काम होतं. कंपनीला कशाला त्रास?"

"बंपर काढून मागे बघितलंत?"

"गरजच पडली नाही."

"स्टेपनी काढून तळाचा पत्रा?"

"मॅडम," इस्त्री म्हणाला, "पत्रा मला कळतो. तळाला काही असतं तर वरचा पत्रा असा बसलाच नसता."

उचलली जीभ लावली टाळ्याला. आजवर ही जीभ कुणी अडवली नव्हती, म्हणून तिला सवय लागली होती.

"दार सरळ आहे म्हणून आतलं सरळ असेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "धक्का बंपरवर थांबत नाही, पुढे जातो. गाडी उचलून बघूया का?"

आता त्याला राग आला. आपल्या शेडमध्ये उभं राहून आपल्याला पत्रा शिकवायचा? "कशाला? आम्हाला क्लेमच नको. बंद करून टाका."

"ते तुम्ही ठरवायचं नाही. गाडी ताईंची आहे ना? त्यांना फोन लावा."

ताई तेव्हा शाळेच्या दारात उभी होती, सुट्टीची घंटा झाली होती, मुलं धावत येत होती. इस्त्रीने पोचा काढल्याचं सांगितल्यावर आधी तिने त्याला झाडला. मग विचारलं, "पण गाडी ठणठणीत आहे ना? मुलं बसवायची आहेत मला."

"माझा शब्द, ताई. क्लेमही नको आता."

तिकडे कुणीतरी चिमुरडं रडत होतं. "बरं, तू म्हणतोस तर ठीक," ताई म्हणाली. बाईंनी तिच्याकडून तेच पुन्हा एकदा वदवून घेतलं, क्लेम मागे घेतल्याचं नोंदवलं आणि बॅटरी पर्समध्ये टाकून निघून गेल्या.

ताईने व्हॅन नेली. पोचा कुठे होता ते तिलाही सापडेना. ती म्हणाली, "हात आहे बाबा तुझा!" इस्त्री त्या रात्री दोन घास जास्त जेवला.

काही दिवसांनी ताईचा फोन आला. "गाडी एका बाजूला ओढतेय रे."

"हवा बघ टायरमधली."

पुन्हा आला. "मागून कसलातरी आवाज येतो. खड्ड्यात गेली की करकरते."

"जुनी गाडी आहे, ताई. आपणसुद्धा करकरतो आता."

ताई हसली नाही. नंतर तिचा फोन आलाच नाही, आणि इस्त्रीने त्याचा अर्थ असा लावला की करकर थांबली.

थांबली नव्हती. ताई दुसऱ्याला विचारायला गेली होती. ते त्याला सांगितलं शेजारच्या टायरवाल्याने. टायरवाला शेडच्या दारात येऊन उभा राहिला, नेहमीसारखा आत शिरला नाही.

"तुझी ताई आली होती माझ्याकडे. चाकांची अलाइनमेंट करायला."

"माझ्याकडे नाही आली?"

"तू जेवायला गेला होतास. म्हणजे, तेव्हाच आली." टायरवाल्याने मान खाली घातली. "मागचं चाक मशीनवर जुळतच नाही, इस्त्री. टायर एका बाजूने खाल्लाय. आत काहीतरी वाकलंय. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मी तिला म्हटलं, आज मुलं नको बसवूस."

आपण नसताना ताई शेजारच्या दुकानात जाऊन आली, ही गोष्ट इस्त्रीला तोंडात मारल्यासारखी लागली. लहानपणापासून ती त्याच्यावर ओरडली होती, रुसली होती, पण त्याला टाळून कुठे गेली नव्हती.

व्हॅन टायरवाल्याच्या दुकानामागेच उभी होती. इस्त्रीने ती शेडमध्ये घेतली, जॅकवर चढवली आणि जे आधी करायचं ते आता केलं. मागची सतरंजी उचलली. स्टेपनी काढली. तिच्या खळग्यात पत्र्याला घडी पडली होती आणि सांध्यावरचा पाणी अडवणारा मसाला चिरून सुटला होता. खाली पाणी साचून गंजाची सुरुवात झालेली. मग त्याने बंपर काढला. बंपरमागची लोखंडी पट्टी एका बाजूने दबली होती, आणि ती ज्या दांड्यावर बसते तो चेसीचा दांडा शर्टाची बाही मागे सारावी तसा चुण्या पडून आखडला होता. धक्का बरोबर तिथपर्यंत गेला होता, बाई म्हणाल्या होत्या तसा. त्या चुणीच्या थोडं पुढे शेवटच्या बाकाचे बोल्ट होते. एका बोल्टाभोवतीचा पत्रा फाटायला आला होता.

शेवटच्या बाकावर सगळ्यात लहान मुलं बसत. पुढे बसायला मिळावं म्हणून मोठी मुलं त्यांना मागे ढकलत.

इस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. पुन्हा मागून कुणी ठोकलं असतं तर तो बाक सुटला असता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. इतके दिवस मुलं त्यावर बसून शाळेत गेली होती, आणि ती बसली होती त्याच्या शब्दावर. त्याला भीती वाटली, मग लाज वाटली, आणि लाज भीतीपेक्षा जड होती.

संध्याकाळी ताई आली. त्याने तिला बॅटरी दिली आणि बोट केलं. ताईने बोल्टाकडे बराच वेळ पाहिलं.

"शाळेला मी सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "सत्र संपेपर्यंत माझी मुलं दुसरी व्हॅन नेईल. तोवर गाडी नीट करून, तपासल्याचा दाखला दिला तर फेरी माझी. नाही तर तिची." हे काम स्वतःच्या खर्चाने करणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. इस्त्रीच्याही. दोघांनाही ते माहीत होतं.

टायरवाला मदतीला धावला. म्हणजे त्याला तसं वाटलं. "सोपं आहे. ती मागच्या बाजूने खांबाला नेऊन ठोका. हळूच. नवा अपघात, नवा क्लेम. आणि पोचा पाडायचं म्हणशील तर तुझ्याइतका हुबेहूब कोण पाडणार?"

खोटं कशाला बोला? इस्त्रीची नजर एक क्षण हातोड्यांकडे गेली. कुठली हातोडी, किती वजनाची, तेही त्याच्या मनात येऊन गेलं.

"एकदा हात लावलास तेवढा पुरे," ताई म्हणाली. "आता फोनला लाव. त्या बाईंना."

फोनवर "मॅडम, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं," एवढं वाक्य बोलायला इस्त्रीला तीनदा घसा खाकरावा लागला. बाईंनी टोमणा मारला नाही. त्यांनी मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्या आल्या, बॅटरी आणि आरसा घेऊन गाडीखाली शिरल्या, बाहेर येऊन कपडे झटकले. "नुकसान आहे. खूप आहे. पण हे त्याच धडकेचं, की नंतर कुठे आदळली त्याचं, हे मी कशावरून लिहू? बाहेर तर काहीच खूण नाही."

ताईने फोटो दाखवला. फोटोत त्या तरुणाची मोटार होती, तिचा नंबर होता, व्हॅनचं अर्धं दार होतं आणि बरोबर पोच्यावर ताईचा अंगठा आला होता.

"तुमच्या भावाने काम फार चांगलं केलंय," बाई म्हणाल्या. "तेच आड येतंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यभर इस्त्री ज्यासाठी राबला, आपल्या कामाची खूण कुणालाही सापडू नये, ती गोष्ट आता ताईच्या पोटावर पाय देऊन उभी होती. तो उठला. दाराचं आतलं आवरण काढलं. कोपऱ्यातून खडू आणला.

"आतून बघा, मॅडम. गजाची टोकं टेकली तिथे रंग घासलाय. हा एक. हा दुसरा. इथे मी चुकलो होतो, जास्त दाबलं गेलं, मग बाहेरून हातोडीने बसवलं." त्याने ट्यूबलाइट आणून दारापाशी धरली. "आता खाली वाका. अजून खाली. रेघ इथे किंचित जाड दिसते, बघा. दिसली? तिथे पोच्याची कड होती."

बाईंना दिसेना. त्याने खिशातला मोजा काढून त्यांना दिला, त्यांचा तळवा दारावर ठेवायला सांगितला, आणि कुठून कुठे न्यायचा ते सांगत राहिला. आपलं काम असं उघडं पाडताना त्याच्या कपाळावर घाम आला. पण त्याने एकही जागा सोडली नाही. बाईंना फोटोत सापडल्या नाहीत आणि ताईलाही उभ्या जन्मात सापडल्या नसत्या, अशा सगळ्या जागांवर त्याने खडूने गोल काढले. शेवटी सगळं दार गोलांनी भरलं आणि गोलांच्या बरोबर खाली, एका रेषेत, दबलेली पट्टी आणि चुणी पडलेला दांडा आला.

बाईंनी टेपने उंची मोजली, फोटो घेतले. "त्या मोटारीच्या पुढच्या भागाचे फोटो तिच्या विमा कंपनीकडून मागवते. उंची जुळली तर गोष्ट जुळली. तुम्ही जे दुरुस्त केलंत त्याचं काही मिळणार नाही. आत जे राहिलंय त्याचं मी लिहीन. आणि तुम्ही आधी हात लावला, गाडी तपासू दिली नाही, हेही लिहीन."

"लिहा," इस्त्री म्हणाला. "मुलं बसवायला मीच सांगितलं होतं. तेपण लिहा."

ताईने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

उंची जुळली. क्लेम पुन्हा उघडायला कंपनीने वेळ घेतला, दोनदा तेच प्रश्न विचारले, पण आतल्या कामाला मंजुरी दिली. बाईंनी ताईला विचारलं, "काम कुठे करणार?" ताई उत्तर द्यायच्या आत इस्त्रीच म्हणाला, "माझ्याकडे नको. दांडा खेचून मापात आणायचं मशीन माझ्याकडे नाही." आलेलं काम त्याने परत पाठवलं, असं त्या शेडमध्ये पूर्वी झालं नव्हतं. मशीनवाल्या गॅरेजमध्ये तो रोज जाऊन उभा राहायचा. तिथल्या लोकांना त्याचा उपद्रव झाला, पण त्याने कशाला हात लावला नाही.

व्हॅन तयार झाली. मापं जुळली, दाखला मिळाला, सत्र अजून संपायचं होतं. ताईने गाडी थेट शेडसमोर आणून उभी केली आणि खाली उतरली.

"बघून सांग. उद्यापासून मुलं बसवू?"

इस्त्रीने बंपर काढला. स्टेपनी काढली, सतरंजी काढली, गाडीखाली शिरला. ताईही शेजारी येऊन आडवी झाली. "मला दाखव. आता मीपण बघणार." तो दाखवत गेला, ती बॅटरी मारत गेली. सगळं परत लावून झालं तरी तो 'ठीक आहे' म्हणेना.

"अरे, बोल की."

"आधी मी बसतो मागे," इस्त्री म्हणाला. "तू चालव."

शेवटचा बाक लहान मुलांच्या मापाचा. इस्त्री त्यावर कसाबसा मावला, गुडघे हनुवटीला टेकले, डोकं छताला. पट्टा त्याच्या पोटावरून पुरेना, तो त्याने श्वास आत ओढून लावला. टायरवाला दारात उभा राहून पोट धरून हसत होता. ताई मात्र आरशात बघून म्हणाली, "पट्टा लागला का? हात आत." आणि तिने गाडी काढली.

तिने मुलांच्याच रस्त्याने नेली. खड्डा चुकवला नाही, गतिरोधकावर मुद्दाम वेग ठेवला, एका ठिकाणी कचकन ब्रेक दाबला. इस्त्रीचं डोकं छतावर आपटलं. बाक हलला नाही. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून तो कान देऊन बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते डोकं आपटल्यामुळे असावं, असं ताईने धरून चालायचं ठरवलं.

शाळेच्या दारापाशी तिने गाडी थांबवली. "काय? ठीक आहे?"

इस्त्रीने बाकाखाली हात घालून बोल्ट चाचपला.

"अजून एक फेरी मार," तो म्हणाला.

ताईने आरशात त्याच्याकडे पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी पुन्हा वळवली.